एकाच हस्ताक्षरातली दोन निवेदनं

माझा लिहिण्याचा सगळा सराव अर्जांवरचा आहे. ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून’ इथे मी सुरू होते आणि ‘आपली विश्वासू’ इथे संपते. मधलं काय लिहायचं ते समोर बसलेला माणूस सांगतो. हे पहिल्यांदाच मी कोणी न सांगता लिहिते आहे, त्यामुळे कुठे चुकलं तर ते माझंच चुकलं असं समजावं.

आमचं गाव प्रवरेच्या काठी, कोल्हारहून सायकलवर येण्याजोगं. जगातल्या महासत्तांनी दखल घ्यावी असं गावात काही नाही. ऊस आहे, जनावरांचा घास आहे, दूध डेअरी आहे, एक केसांच्या कटिंगचं दुकान आहे. तरी त्यांनी दखल घेतली. खरं तर याबद्दल ग्रामपंचायतीने आभाराचा ठराव करायला हवा, पण आभार नेमके कोणत्या देशाचे मानायचे यावर गावात एकमत होणार नाही.

का होणार नाही ते सांगते. गावात दोन पॅनेल आहेत, वरच्या आळीचं आणि खालच्या आळीचं. वरच्या पॅनेलच्या पुढाऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात, खालच्यांना आबा. अण्णा आणि आबा एकमेकांशी कधी आवाज चढवून बोललेले नाहीत. लग्नात ते एकाच सोफ्यावर बसतात. एकमेकांच्या चहात साखर किती, ते दोघांना पाठ आहे. भांडायचं काम पोरांचं. निवडणुकीत वरच्या पोराने खालच्या पोराचं डोकं फोडलं, की आबा त्याच दिवशी फळं घेऊन दवाखान्यात जातात. खालच्याने वरच्याचं फोडलं, की अण्णा जातात. फळं चांगल्या प्रतीची असतात. डोकं मात्र टाके घालून ज्याचं त्यालाच घरी न्यावं लागतं.

कॉलेजात राज्यशास्त्राच्या सरांनी महासत्तांच्या प्रॉक्सी वॉरचा धडा घेतला. मोठे देश थेट लढत नाहीत. दुसऱ्याच्या जमिनीवर, दुसऱ्याच्या माणसांकरवी लढतात, स्वतः शस्त्रं आणि पैसा पुरवतात, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे वर्गात मी सहसा तोंड उघडत नाही. पण हे मला इतकं ओळखीचं वाटलं, की मी भीतभीत हात वर केला आणि अण्णा-आबांचं उदाहरण दिलं. वर्ग हसला.

सर म्हणाले, “छान. पण पेपरात गावकी लिहू नकोस, मार्क जातील. व्हिएतनाम लिही, अफगाणिस्तान लिही.”

मी व्हिएतनाम लिहिलं. ‘परिणाम’ या उपप्रश्नात ‘प्रचंड जीवितहानी’ एवढे दोन शब्द लिहिले, की एक मार्क मिळतो. मला तो मिळाला.

माझा चुलतभाऊ शिर्डीला फुलांची गाडी चालवायचा. मी त्याला दादा म्हणते. काका वारल्यापासून त्या घरात तो आणि काकी दोघंच. आमच्या आणि त्यांच्या घरांच्या मधे एक भिंत आहे, तीही अर्धी, त्यामुळे एकीकडे फोडणी दिली की ठसका दुसरीकडे लागतो. शिर्डीतल्या एका हॉटेलात त्याला एक एजंट भेटला. एजंट अण्णांच्या सोयऱ्यातला, म्हणजे चौकशी करण्याची गरजच नव्हती. रशियात गोदामाचं काम, माल चढवायचा, उतरवायचा, जमलं तर भटारखान्यात हात लावायचा. लढाई चालली आहे, पण ती फार लांब. तुमच्या गोदामाला ती ऐकूही येणार नाही. वर्ष भरलं की तिथलं नागरिकत्व, मग आईलाही घेऊन जा.

“मी न्हाई यायची,” काकी म्हणाली. “तिथं म्हसरं कुठं बांधायची?”

आमच्याकडे कोणी गावाबाहेर काही करायला निघालं, की त्याचा सत्कार होतो. करून आल्यावर नाही, निघतानाच. करून येईपर्यंत थांबायला कोणाला वेळ नसतो. दादाला फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. स्टँडवर फ्लेक्स लागला. त्यावर दादाचा फोटो अण्णांच्या फोटोच्या निम्मा होता. अण्णा भारत-रशिया मैत्रीवर बोलले. आबांनीही मन मोठं करून शुभेच्छा दिल्या आणि पुढच्या वर्षी खालच्या आळीतून एक पोरगं अमेरिकेला पाठवू असं जाहीर केलं. मला ‘आपल्या गावची कॉलेजकन्या’ म्हणून बोलायला उभं केलं. दादा हा गावाचा दूत आहे, असं मी म्हणाले. टाळ्या पडल्या.

तो पोहोचला, आणि चार-पाच दिवसांनी एका दुपारी त्याने मला मोबाईलवर सात फोटो पाठवले. रशियन भाषेतला करार. खाली लिहिलं होतं, ‘वाच हे. तुला कळंल. सही मागत्यात.’

इथे मला थोडं थांबून सांगावं लागेल. आमच्या गावात कागद वाचून सही करायची पद्धत नाही. पीकविमा असो, सोसायटी असो, रेशन असो, ज्याला कळतं त्याने पेन्सिलने फुल्या मारून द्यायच्या आणि बाकीच्यांनी फुलीवर सही करायची. कळतं ते मला. आठवीत असल्यापासून मी गावाच्या कागदांवर फुल्या मारते. माझ्या फुलीवर सही केली आणि काम अडलं, असं कधी झालेलं नाही. त्याचा मला अभिमान होता, आणि अभिमान म्हणजे काय ते मला तोवर कळलेलं नव्हतं.

मी कॉलेजहून परत यायला स्टँडवर उभी होते. भाषांतराच्या ॲपमध्ये फोटो टाकले. ॲपने कळवलं की फोटो अस्पष्ट आहेत. पुन्हा नीट काढून पाठव, असं मी दादाला सांगू शकले असते. पण ते सांगणं म्हणजे मला वाचता येत नाही हे कबूल करणं होतं. गावाने टाळ्या वाजवून अजून दोन आठवडेही झाले नव्हते. समोर गाडी लागली. फोटोंमध्ये दोन पानांच्या तळाशी कोणीतरी फुल्या मारलेल्या दिसत होत्या. म्हणजे तिथेही कळणारं कोणीतरी होतं.

मी लिहिलं, ‘बरोबर आहे. जिथं फुली आहे तिथं सही कर.’

त्याने अंगठ्याचं चित्र पाठवलं. मी गाडीत चढले. मला खिडकी मिळाली होती, हेही लक्षात आहे.

पुढचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा दादाच्या अंगावर हिरवा गणवेश होता.

“दादा, हे काय घातलंय?”

“युनिफॉर्म हाय. गोदामवाल्यांना बी असतो म्हने.”

“आणि खांद्याला काय आहे?”

“ते व्हय? ते गोदाम राखायला.” मग तोच हसला. “गोदामच न्हाई गं इथं. खड्डा हाय. आमीच खणायचा आन आमीच त्यात बसायचं.”

दहा-बारा दिवस त्याला बंदूक धरायला शिकवलं होतं. आमच्याकडे मोटारसायकलचं लायसन्स काढायला याहून जास्त दिवस लागतात. काकीने फोन ओढून घेतला आणि थंडी किती आहे ते विचारलं.

“दही लावायची गरज न्हाई आई. दूधच दगड हुतंय.”

“कानाला बांधत जा. आन ऊन घेत जा रोज.”

“व्हय. ऊन आलं का घेतो.”

शेवटचा मोठा फोन मला आला. भर दुपारची वेळ होती, त्याच्याकडे सकाळ असावी. तो म्हणाला, “समोर कोन हाय ते दिसतच न्हाई. परवा एक सापडला. तो बी तिकडचा न्हवता, कुठून तरी लांबूनच आलेला, आपल्यासारखा. त्याला आमची भाषा येईना. आमाला त्याची येईना. आन सायबाची तर दोघांना बी येईना.”

“मग काय केलं?”

“काय करनार? सिगरेट दिली त्याला. मंग घेऊन गेले त्याला कुठंतरी.” मग तो म्हणाला, “मला एक सांग. आमचं भांडण कोनाशी हाय नेमकं? तू कॉलेजात हायेस म्हनून इचारतो.”

मला उत्तर येत होतं. हे दुर्दैवच म्हणायचं, कारण जे यायला हवं होतं ते आलं नव्हतं आणि हे मात्र तोंडपाठ होतं. मी त्याला पाच मिनिटं समजावून सांगितलं. एका बाजूला रशिया, दुसऱ्या बाजूला युक्रेन. युक्रेनच्या मागे अमेरिका आणि युरोप, शस्त्रं त्यांची, जमीन युक्रेनची. आणि रशियाच्या बाजूच्या खड्ड्यात बसवायला लांबलांबून गोळा केलेली तुझ्यासारखी माणसं. त्याने मधे एकदाही अडवलं नाही.

“म्हंजी अण्णा-आबाच की,” तो म्हणाला.

“हो.”

“मंग फळं कोन आननार?”

मी हसले. तोही हसला. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही.

पहिले पंधरा दिवस आम्ही रेंज नसेल म्हणालो. रेंज हा आमच्या गावाचा अनुभवाचा विषय आहे, त्यामुळे सगळ्यांना पटलं. कटिंगच्या दुकानात तोवर युद्धाचा अभ्यास जोरात होता. दाढीला साबण लावून माणसं मोबाईलवर ड्रोनचे व्हिडिओ बघत. वरच्या पॅनेलचे लोक आधीपासून रशियाच्या बाजूचे, त्यामुळे खालच्यांना अमेरिकेच्या बाजूने जावंच लागलं होतं. ‘आज आपण चार ठोकले’ असं कोणीतरी म्हणे, आणि ‘आपण’ म्हणजे कोण हे त्याला कोणी विचारत नसे. काकी दुधाची किटली घेऊन समोरून गेली, की ते मोबाईलचा आवाज बारीक करत. एवढी माणुसकी आमच्या गावात आहे.

दीड महिना झाला तेव्हा अण्णा स्वतः आमच्या ओट्यावर आले. “बाई, कलेक्टर ऑफिसला निवेदन द्यायचं. तुझं अक्षर चांगलं हाय. लिही.”

मी कागद घेतला.

“लिही, सदर युवक उज्ज्वल भवितव्यासाठी स्वखुशीने रशिया येथे गेला असून...”

“अण्णा, त्याला गोदामाचं काम सांगितलं होतं. फसवणूक झाली असं लिहायला नको का?”

“फसवणूक नको. मंग पोलीस येनार, एजंट कोन, कोनाचा सोयरा, नसता ताप. आपल्याला पोरगं आनायचंय का केस खेळायचीय?”

पोरगं आणायचं होतं. मी ‘स्वखुशीने’ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी आबा आले. त्यांनाही माझं अक्षर आवडत होतं. “लिही, गावातील विशिष्ट पुढाऱ्यांच्या आश्रयाने वावरणाऱ्या एजंटाने सदर युवकास फसवून...”

“आबा, विशिष्ट पुढारी हे...”

“नाव न्हाई ना घेतलं? मंग लिही.”

मी लिहिलं. आता वाटतं, दोघांनाही थांबवता आलं असतं. निदान एकाला. पण कागद पुढे आला की लिहायचा, एवढंच माझं शिक्षण झालेलं होतं. आणि मनात असंही आलं, की दोन निवेदनं म्हणजे दुप्पट जोर. दोन्ही पॅनेल आपापल्या गाड्या करून वेगवेगळ्या दिवशी नगरला गेली. दोन्ही वेळा काकीला बरोबर नेलं. दोन्ही फोटोंत ती मधे उभी आहे, एकच साडी नेसून, आणि दोन्ही फोटोंत तिच्या हातातला कागद दुसऱ्यानेच धरला आहे.

पाच आठवडे काही झालं नाही. मग ऑफिसातून फोन आला, आईला घेऊन या. काकीने आदल्या दिवशीच डोकं धुतलं. तिला वाटलं, तो आला असेल.

तिथल्या मॅडमनी आम्हाला बसायला सांगितलं. त्यांच्यासमोर दोन्ही निवेदनं शेजारीशेजारी ठेवली होती.

“मुलगा एकच ना हा?”

“हो मॅडम.”

“इथे लिहिलंय स्वखुशीने गेला. इथे लिहिलंय फसवून नेला. आम्ही वर कळवायचं काय? स्वखुशीने करार केला म्हटलं, तर कराराची मुदत संपेपर्यंत तिकडचे सोडत नाहीत. फसवणूक असेल तर सुटकेची मागणी करता येते. एका प्रकरणात दोन्ही लिहून कसं पाठवणार? म्हणून ठेवलंय.”

“कधीपासून ठेवलंय?”

“आल्यापासून.” मग त्यांनी चष्मा वर करून दोन्ही कागद पाहिले. “अक्षर पण एकच दिसतंय.”

“माझं आहे,” मी म्हणाले.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “मग तुम्हीच सांगा. खरं कोणतं?”

अण्णांचं नाही, आबांचंही नाही, पण तिसरं जे होतं ते काकीच्या देखत सांगावं लागणार होतं. ती माझ्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पिशवीत डबा होता, तो आलाच असेल तर त्याला द्यायला.

मी सांगितलं. करार रशियन भाषेत होता. त्याला तो वाचता येत नव्हता, म्हणून त्याने मला पाठवला. मलाही वाचता आला नाही. वाचता येत नाही असं मी त्याला सांगितलं नाही. बरोबर आहे, सही कर, असं सांगितलं. त्याने माझ्यावर विश्वास ठेवून केली. आपण सैन्यात भरती होतो आहोत हे त्याला सही करताना माहीत नव्हतं.

“मेसेज आहे तुमच्याकडे?”

“आहे.”

“हे सगळं लिहून द्याल? तुमच्या सहीने?”

मी तिथेच बसून लिहिलं. त्या अर्जाला विषय काय द्यायचा ते मला बराच वेळ सुचलं नाही.

परतीच्या गाडीत राहुरी मागे पडल्यावर काकीने खिडकीतून बाहेर बघतच विचारलं, “तुला वाचता येत न्हवतं व्हय ते?”

“नाही काकी.”

“मंग तू आन मी यकच की.”

मला रडायला आलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, “इथनं पुढं माझ्या म्होरं कुठला बी कागद आला, तर आख्खा वाचायचा. येक अक्षर गाळायचं न्हाई. मला कळू का न कळू.”

तिसरा अर्ज पुढे गेला असं मॅडमनी फोनवर कळवलं. त्याच सुमाराला टीव्हीवर दोन्हीकडच्या मोठ्या माणसांची बैठक दाखवली. बोलणी सौहार्दपूर्ण झाली म्हणे. सोफे चांगले होते. मी त्यांच्या मागच्या टेबलावर फळं दिसतात का ते पाहिलं, फुलं होती.

आणखी काही आठवड्यांनी पुन्हा फोन आला. या वेळी सरकारी दवाखान्यात बोलावलं होतं, आईच्या रक्ताचा नमुना हवा म्हणून. अण्णांनी गाडी देऊ केली. ते कळल्यावर आबांनी मोठी गाडी देऊ केली. आम्ही एस.टी.ने गेलो. दवाखान्यात आम्हाला रांगेत उभं केलं नाही, थेट आत नेलं, पाणी दिलं. सरकारी ठिकाणी कोणी एवढं चांगलं वागलेलं मी पाहिलं नव्हतं.

पांढऱ्या कोटातल्या मुलाने काकीसमोर एक फॉर्म सरकवला आणि पेनाच्या टोकाने जागा दाखवली. “मावशी, इथं सही.”

“थांबा,” काकी म्हणाली. “ही वाचंल.”

“नेहमीचंच आहे हो. संमतीपत्र.”

“असू द्या. वाच गं.”

मी वाचायला लागले. नाव, वय, राहणार, तालुका, जिल्हा. नात्याचा प्रकार, आई. मग पुढची ओळ डोळ्यांनी आधी वाचली आणि तोंड थांबलं. मराठीत होती. स्वच्छ छापलेली होती. अस्पष्ट काही नव्हतं.

“वाच,” काकी म्हणाली.

मी वाचलं. परदेशात सापडलेल्या अनोळखी मृतदेहाची ओळख पटविण्याकरिता माझ्या रक्ताचा नमुना घेण्यास माझी संमती आहे.

तो मुलगा टेबलावरची कापसाची गुंडाळी नीट करत राहिला. काकीचा हात पदरावर होता, तो तिथेच होता.

“वळख पटवायची तर मला दाखवा की,” ती म्हणाली. “मी सांगते तो हाय का न्हाई. त्याला रगात कशाला?”

“मावशी, तसं... चेहऱ्यावरून नाही होत ते.”

काकी माझ्याकडे वळून म्हणाली, “आन न्हाई जुळलं तर?”

“तर तो दादा नाही.”

“मंग तो कुठं हाय?”

“ते या कागदात नाही, काकी.”

“म्होरं बघ. मागच्या बाजूला बघ.”

मी कागद उलटून पाहिला. कोरा होता. तिने तो माझ्या हातातून घेतला, स्वतःही उलटून पाहिला आणि मग सही केली. सही तिला दादानेच शिकवली होती, बचत गटासाठी, पाटीवर. शेवटचं अक्षर नेहमीसारखं ओळीखाली उतरलं. मग तिने बाही वर केली.

“घ्या,” ती त्या मुलाला म्हणाली. “पन जुळू देऊ नका.”

आपल्या हातात काय असतं, असं काहीतरी तो पुटपुटला आणि पट्टा बांधला. काकीची शीर पटकन सापडली. तिने मान फिरवली नाही, बाटली भरेपर्यंत बघत राहिली.

अहवाल अजून आलेला नाही. वेळ लागतो म्हणतात; तिकडचा नमुना तिकडून यायचा, इकडचा इकडून जायचा, मधे दोन देशांची ऑफिसं. आम्ही तेव्हा दवाखान्यातून चालत स्टँडवर आलो आणि बाकावर बसलो. काकीने कोपराच्या खाचेतला कापूस दुसऱ्या हाताने दाबून धरला होता.

“हे आनखी किती येळ धरायचं?” तिने विचारलं.

मला माहीत नव्हतं. माहीत नाही, असं मी तिला सांगितलं.